बाईंचा सूचक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या बाईंचे. आईवडिलांचं वेगळं; त्यांचे उपकार कुणी मोजत नाही. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो आणि आज अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात इतिहासाचा प्रबंध लिहितो आहे, ते बाईंमुळे. हे मी खूप जणांना सांगितलं आहे. प्रवेशाच्या अर्जात लिहिलं, पहिल्या वर्षी वर्गात ओळख करून देताना सांगितलं, इथल्या मंडळाच्या गणपतीत माइक हातात आला तेव्हाही सांगितलं. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकताना मला दर वेळी एक दुपार आठवते. तिच्याबद्दल मात्र मी कुणाशी बोललेलो नाही.

आमचं गाव तालुक्याचं. वडील नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून ते गल्लोगल्ली फिरायचे, ठरल्या वेळी त्या त्या भागाचं पाणी सोडायचे आणि बंद करायचे. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. गावात मला 'पाणीवाल्याचा मुलगा' म्हणून ओळखत. त्यात अपमान काही नव्हता. पाणी उशिरा आलं की मात्र शाळेत मला ऐकून घ्यावं लागे.

नागरिकशास्त्र हा तेव्हा इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेला विषय होता. बाकीचे शिक्षक तो परीक्षेच्या आधी आठवडाभरात उरकायचे. बाई वर्षभर शिकवायच्या. वर्गाचा मॉनिटर त्या निवडणुकीनं ठरवत. खडूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून मतपेटी केलेली असे, आणि बोटाला लावायला जांभळी शाई. सातवीत आमच्या वर्गात एकच नाव पुढे आलं. तो संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता, आणि त्याच्यासमोर उभं राहायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आम्हाला वाटलं, झालं, लवकर सुटलो. बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "एकच नाव असेल तर ती नेमणूक झाली. मला निवडणूक घ्यायची आहे. दुसरं नाव येईपर्यंत मी थांबते. माझ्याकडे पूर्ण तास आहे."

आणि त्या खरंच थांबल्या. खिडकीबाहेर बघत बसल्या. वर्गात कुणी बोलेना. शेवटी ती शांतता सहन होईना म्हणून मी उभा राहिलो, एवढंच त्याचं कारण. मी सपाटून हरलो. तास सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं.

"वाईट वाटलं?"

"नाही बाई."

"खोटं बोलू नकोस. वाटलं तर वाटू दे. त्याला आता वर्षभर फळा पुसायचाय, हे लक्षात ठेव म्हणजे बरं वाटेल."

त्या दिवसापासून बाईंनी मला धरून ठेवलं. पाण्याच्या टाकीच्या शेजारी नगरपालिकेची अभ्यासिका होती. एक लांब खोली, सहा बाकं, एक पंखा. तिची किल्ली बाईंकडे असे, कारण सकाळी उघडायला दुसरं कुणी तयार नव्हतं. माझी दहावी, बारावी, सगळा अभ्यास त्या खोलीत झाला. आमच्या घरात एकच खोली होती आणि तिच्यात चौघं. ती अभ्यासिका नसती तर मी आज वडिलांची चावी हातात घेऊन फिरत असतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही, पण हा लेख लिहीत नसतो एवढं नक्की.

पुण्याहून एम. ए. करून मी गावी परत आलो आणि आमच्याच संस्थेच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अर्ज करायचं त्याच वर्षी ठरवलं. बाई तेव्हा निवृत्त होत्या. अर्जासोबत लिहायचा निबंध मी इंग्रजीत लिहिला आणि मराठीत सांगून त्यांना ऐकवला. त्यांनी एकच विचारलं, "हे शेवटचं वाक्य तू कुणासाठी लिहिलंयस? त्यांच्यासाठी की टाळ्यांसाठी?" ते वाक्य मी काढून टाकलं.

त्याच हिवाळ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव निघाली. अभ्यासिका पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे, असा विषय नगरपालिकेत चालू असल्याचं वडिलांच्या कानावर आलं होतं. ते मी बाईंना सांगितलं. चार दिवसांनी बाईंनी मला घरी बोलावलं. टेबलावर उमेदवारीचा अर्ज होता.

"मी उभी राहतेय," त्या म्हणाल्या. "अपक्ष. पाच सूचक लागतात. पहिली सही तुझी. अक्षर जरा बरं काढ, ते लोक बघतात."

सूचक म्हणजे ज्याच्या सहीनं उमेदवाराचं नाव पुढे येतं तो त्याच भागातला मतदार. मी सही केली. माझी सही तोवर कधी कशाच्या कामाला आली नव्हती. मला फार अभिमान वाटला.

दुसरा अर्ज संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाईंचा होता.

माघार घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मला अध्यक्षांच्या ऑफिसात बोलावणं आलं. माझा अनुभवाचा दाखला त्यांच्या सहीसाठी तिथे तीन आठवडे पडून होता. तो अर्जाला जोडायचा होता, आणि मुदत संपायला थोडे दिवस उरले होते. त्यांनी चहा मागवला. मला 'सर' म्हणाले. ज्यांच्या पुतण्याबरोबर मी शिकलो ते मला सर म्हणत होते.

"काय सर, तुमच्या बाई आमच्या सूनबाईंना नागरिकशास्त्र शिकवणार म्हणे."

मी हसलो. का हसलो ते माहीत नाही.

"नाही, उभ्या राहू देत. लोकशाही आहे. पण तुम्हाला माहितीये, तो भाग आजवर बिनविरोध होत आलाय. गावात भांडण नाही, काही नाही. चांगली रीत आहे. आता त्या वयात बाईंना दारोदार हिंडायला लावायचं, मग पडल्या की लोक हसणार. तुम्हाला बरं वाटेल का ते?"

"नाही सर."

"तेच म्हणतो मी. त्या तुमचं ऐकतात." मग त्यांनी टेबलावरच्या फायलींकडे बघितलं. "तुमचा दाखला माझ्याकडंच आहे ना? बघतो. या गडबडीतून एकदा मोकळा झालो की लगेच."

एवढंच. त्यांनी मला धमकी दिली नाही, दम दिला नाही, बाईंबद्दल वाकडा शब्द काढला नाही. मी आजवर स्वतःला अनेकदा समजावून बघितलं की माझा नाइलाज होता. पण तसं म्हणायला कुणीतरी माझा हात पिरगाळलेला असायला हवा. तसं काही झालं नव्हतं. मी चहा संपवला आणि सरळ बाईंकडे गेलो.

बाई डाळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच बोललो. पडलात तर लोक बोलतील. गावात वाद नको. तो भाग आजवर बिनविरोध झालेला आहे. बाई ऐकत होत्या, हात थांबला नव्हता.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही बाई. मी माझा आलोय."

हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सातवीच्या वर्गात थांबल्या होत्या तशाच थांबल्या. त्या वेळी मला शांतता सहन झाली नव्हती. या वेळी झाली.

"मग तुझं म्हणणं काय?"

"बिनविरोध झालं तर बरं."

बाईंनी घड्याळ बघितलं. तीनपर्यंत वेळ होता. आत जाऊन त्यांनी साडी बदलली, पर्समध्ये शाईचं पेन टाकलं आणि म्हणाल्या, "चल."

नगरपालिकेच्या सभागृहात गर्दी होती. माघारीचा अर्ज एक पानाचा असतो. बाईंनी तो पूर्ण वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा बघितली, आणि टेबलामागच्या कारकुनाला विचारलं, "यात कारणाचा रकाना कुठाय?"

"कारण कोणी लिहीत नाही बाई. सही केली की झालं."

"लिहायचं असेल तर?"

"जागाच नाही ना."

"बरं," म्हणून त्यांनी सही केली. मी शेजारी उभा होतो. कारकुनानं तो कागद घेऊन त्यांचं नाव असलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली.

बाहेर आलो तर गुलालाची पोती सकाळपासूनच आणून ठेवलेली होती. सूनबाईंच्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या. बाईंनी छत्री उघडली, डिसेंबरच्या उन्हात, आणि गुलालाच्या मधून घराकडे चालू लागल्या. मी चार पावलं मागे होतो. माझा शर्ट गुलाबी झाला. तो डाग आईनं तीनदा धुऊनही पूर्ण गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वडील घरी आले ते दाखला घेऊनच. "अध्यक्षांनी स्वतः माझ्या हातात दिला," ते म्हणाले. मी सही बघत होतो. वडील चावी दाराआड उभी करत म्हणाले, "बाईंच्या गल्लीचं पाणी आज दहा मिनिटं जास्त सोडलं." त्या दिवसाबद्दल ते आजवर एवढंच बोलले आहेत.

अर्ज ऑनलाइन भरायला बसलो तेव्हा दिसलं की अनुभवाच्या दाखल्यासमोर कंसात लिहिलं होतं, ऐच्छिक. म्हणजे दिला तर दिला, नाही तर नाही. मी तरीही तो जोडला.

निघायच्या दिवशी बाई एसटी स्टँडवर आल्या होत्या. डबा दिला, आणि म्हणाल्या, "पत्र लिहीत जा. फोनवर माणसं बरं चाललंय एवढंच सांगतात." मी हो म्हणालो. आठ वर्षांत मी त्यांना एकही पत्र लिहिलं नाही. गुरुपौर्णिमेला फोन करायचो आणि बरं चाललंय म्हणून सांगायचो.

इथे आल्यावर मला खरं तर आपल्याकडच्या नगरपालिकांवर काम करायचं होतं. पण त्यांची जुनी कागदपत्रं मिळवणं किती कठीण, हे पहिल्याच वर्षी कळलं. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकेनं आयुष्यभर ब्रिटनमधल्या एका मोठ्या शहराचा अभ्यास केलेला आहे. त्या शहराच्या कौन्सिलच्या निवडणुकांच्या बातम्या, उमेदवारांच्या याद्या, निकाल, सगळं पिढ्यान्‌पिढ्यांचं जपून ठेवलेलं आहे आणि आमच्या ग्रंथालयात बसून वाचता येतं. तो माझा विषय झाला. मी त्या शहरात अजून पाऊल ठेवलेलं नाही, पण त्याचे वॉर्ड मला आमच्या गावच्या गल्ल्यांसारखे पाठ आहेत. एका वॉर्डात तीन नगरसेवक असत. तिघांची मुदत एकदम संपत नसे. दर वर्षी त्यांतल्या एकाची जागा रिकामी व्हायची. म्हणजे जवळजवळ दर वर्षी निवडणूक, पूर्वी नोव्हेंबरात, नंतर मे महिन्यात. कुणी धुरासाठी भांडतंय, कुणी ट्रामसाठी, कुणी सार्वजनिक स्नानगृहासाठी.

माझा रूममेट नागपूरचा, कॉम्प्युटरचा. त्याला याची फार मजा वाटायची.

"यार, लोक इथे येऊन एआय करतात. तू अमेरिकेत येऊन इंग्लंडचे मेलेले नगरसेवक मोजतोयस. घरी काय सांगितलंस?"

"इतिहास करतो म्हणून."

"आईला नको सांगू डिटेलमध्ये. तिला वाटत असेल पोरगा रॉकेट बनवतोय."

त्या याद्यांमध्ये एक गोष्ट वारंवार यायची. कित्येक वॉर्डांसमोर मतांचा आकडाच नसे. एकच नाव, आणि पुढे इंग्रजीत लिहिलेलं की विरोध नाही. मी ते वाचायचो आणि माझ्या डोक्यात आपला शब्द यायचा, बिनविरोध. आपल्याकडे या शब्दाला किती मान आहे. गाव बिनविरोध झालं की पेपरात फोटो येतो. सगळ्यांनी मिळून ठरवलं, कुणाचं मन दुखावलं नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकलेला. मी माझ्या एक्सेलच्या तक्त्यात अशा सगळ्या वॉर्डांसमोर 'सहमती' असं लिहिलं, आणि त्यावर पूर्ण एक प्रकरण उभं केलं. ज्या वॉर्डांत सहमती जास्त तिथे शेजार घट्ट, तंटे कमी, असं त्यात मांडलं होतं. मला ते प्रकरण आवडायचं.

मार्गदर्शक बाईंनी ते वाचून मला बोलावलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि त्या मोजे वाळत घालून बसल्या होत्या.

"हा शब्द तुला कुठे मिळाला, सहमती?"

मी त्यांना बिनविरोधचा अर्थ सांगितला. मोठ्या उत्साहानं सांगितला, आमच्या संस्कृतीची ओळख करून देतोय अशा थाटात.

"छान शब्द आहे," त्या म्हणाल्या. "पण विरोध नव्हता की विरोधाची नोंद नव्हती? तू फक्त निकालाच्या दिवसाची यादी बघितलीस. त्याच्या आदल्या आठवड्याची बघितलीस का? अर्ज भरल्यानंतरची?"

नव्हती बघितली. आमच्या गावातल्या कुणाही माणसाला आधी ती आठवली असती. मी सभागृहात उभा राहून एका ओळीवर मारलेली रेघ बघितली होती, आणि तरी इतकी वर्षं दुसऱ्याच्या शहराच्या याद्या वाचताना त्या रेघा मला कधी दिसल्या नाहीत.

मी पुन्हा पहिल्यापासून बसलो. आदल्या आठवड्यांचे पेपर उघडले. बिनविरोध म्हटलेल्या कितीतरी वॉर्डांत आधी दोन किंवा तीन नावं होती. मग माघार, आणि मग एकच नाव. माघारीचं कारण बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. एका वॉर्डात एक बाई उभी राहिली होती. तिकडे बायकांना पार्लमेंटसाठी मत मिळण्याआधीच कौन्सिलला उभं राहता येत होतं, त्या काळातली गोष्ट. व्यवसायाच्या जागी लिहिलं होतं, निवृत्त शिक्षिका. तिचा मुद्दा काय होता हे छापलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिचं नाव नाही. वॉर्डाच्या भल्यासाठी माघार घेतली, एवढी एक ओळ, आणि शेजारी निवडून आलेल्याचं अभिनंदन.

मी लॅपटॉप बंद केला आणि बस न पकडता घरापर्यंत चालत गेलो. रूममेट म्हणाला, "काय रे, चेहरा असा का? कोणी मेलं का इंग्लंडमध्ये?" मी म्हणालो, तसंच काहीतरी.

पुढच्या भेटीत मार्गदर्शक बाईंनी मला आमच्याच शहराच्या, म्हणजे ॲन आर्बरच्या, कौन्सिलच्या निवडणुकीची नमुना मतपत्रिका दाखवली. त्यांच्या वॉर्डात एकच उमेदवार होता. पण त्या नावाखाली एक रिकामी ओळ होती. मतदाराला दुसरं कुणी हवं असेल तर त्यानं तिथे स्वतः नाव लिहायचं.

"लिहितं का कुणी?" मी विचारलं.

"क्वचित. पण ओळ असते," त्या म्हणाल्या.

माझ्या तक्त्यात मी एक नवा रकाना केला, 'माघार', आणि ते आवडतं प्रकरण पूर्ण काढून टाकलं. प्रबंध वर्षभर लांबला. त्याचं मला काही वाटत नाही.

त्याच सुमारास वडिलांचा फोन आला. ते आता निवृत्त आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की अभ्यासिका पाडली. गाळे अजून उभे राहिले नाहीत, नुसती जागा मोकळी केलीय, पत्रे लावलेत. मधली बरीच वर्षं नगरपालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आता परत निवडणूक लागायची आहे. बाई रोज सकाळी त्या पत्र्यांपर्यंत फिरायला येतात आणि परत जातात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. "तुझी चौकशी करतात," वडील म्हणाले. "म्हणतात, त्याचं पत्र नाही आलं."

मी रूममेटला सांगितलं की मला हिवाळ्यात गावी जायचंय.

"वेडा आहेस का? आता स्टॅम्पिंगला गेलास आणि अडकलास तर? प्रबंध बाकी आहे तुझा. झूम कर ना यार."

त्याचं बरोबर होतं. भीती मलाही आहे. व्हिसाच्या शिक्क्यासाठी गेलेली माणसं महिनोन्‌महिने तिकडेच थांबलेली आम्ही पाहिली आहेत. पण मला एकदा ठरवायचं होतं की या वेळी कुठल्या कागदासाठी मी काय सोडतो.

मग मी पत्र लिहिलं. हातानं, मोठ्या अक्षरात, म्हणजे बाईंना एका डोळ्यानं वाचता यावं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जे लिहिलं ते पोस्टात टाकलं. त्याची प्रत ही:

बाई, नमस्कार.

पत्र लिहीन म्हणून स्टँडवर कबूल केलं होतं. आठ वर्षं लागली. बरं चाललंय, हे तुम्हाला फोनवर कळलेलंच आहे, म्हणून जे फोनवर सांगितलं नाही तेवढंच लिहितो.

माघारीच्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, तुला कुणी पाठवलं. मी म्हणालो, कुणी नाही. ते खोटं होतं. मी अध्यक्षांच्या ऑफिसातून सरळ तुमच्याकडे आलो होतो. माझा दाखला त्यांच्या टेबलावर होता. त्यांनी दाखल्याच्या बदल्यात काही मागितलं नाही. मीच मनात हिशेब जुळवला आणि तुमच्या दारात आलो. तुम्हाला हे तेव्हाच कळलं असणार. तरीही मी सांगितलेलं नाही, तोवर ते खोटंच राहतं.

तो दाखला लागणारच नव्हता. तिथे ऐच्छिक असं लिहिलेलं होतं. हे सांगून माझी चूक कमी करायची नाही. दाखला लागला असता तरी ती तेवढीच होती.

मी तुमचा पहिला सूचक होतो. ज्यानं तुमचं नाव पुढे केलं त्यानंच ते मागे घ्यायला लावलं. अभ्यासिका पाडल्याचं वडिलांनी सांगितलं. तुम्ही उभ्या राहिला असतात तर निवडून आला असतात की नाही, आणि निवडून आला असतात तर ती वाचली असती की नाही, मला माहीत नाही. मतच झालं नाही, त्यामुळे ते आता कुणालाच कळणार नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं.

मी इथे एका परक्या शहराच्या निवडणुकांचा अभ्यास करतो. त्यात एक निवृत्त शिक्षिका सापडली. तिनं अर्ज भरला आणि माघार घेतली. कारण लिहायला तिच्याही कागदावर जागा नसावी. तिला कुणी समजावलं, तो तिचा कोण होता, हे मला कधीच शोधता येणार नाही. तुमच्या बाबतीत ते मला माहीत आहे, म्हणून निदान ते लिहून ठेवतो. तुमच्या कागदावरचं कारण मी होतो.

आता परत निवडणूक लागायची आहे असं कळतं. तुम्ही उभ्या राहा म्हणण्याचा मला हक्क नाही, आणि तुमचा डोळा, गुडघे, सगळं मला वडिलांकडून समजतं. पण तुमच्या हाताखालून गेलेल्या मुली गावात पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणाला उभं करायचं, करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझं नाव अजून आपल्याच भागाच्या मतदार यादीत आहे. वडिलांनी जाऊन बघितलं. तुम्हाला चालणार असेल तर मी येईन. सूचकाची सही करीन, पहिली किंवा शेवटची, तुम्ही सांगाल ती. आणि माघारीच्या दिवशी तीन वाजेपर्यंत सभागृहाच्या बाहेर उभा राहीन. कुणाला काही समजावणार नाही. फक्त उभा राहीन.

नको असेल तर वडिलांजवळ 'नको' एवढा निरोप द्या. तेवढ्यानं मला समजेल, आणि मी परत विचारणार नाही.

शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तरी चुका असतील. लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंत तर मी ते पत्र ठेवून घेईन.

तुमचा विद्यार्थी